दुबईचं बिल डॉलरात, दिरहममध्ये की रुपयात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मस्जिद बंदर भागात मसाल्याची जुनी पेढी असलेल्या कुटुंबातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. पेढीचे हिशोब त्या बघतात. सांगलीहून हळद आणि गुंटूरहून मिरची आणायची, दळून पॅक करायची आणि न्हावा-शेव्याहून कंटेनर रवाना करायचे, असा व्यवसाय. मोठा ग्राहक दुबईचा, दुसरा केनियातल्या मोंबासाचा. अलीकडे मॉस्कोहून एक विचारणा आली आहे. आजवर सगळी बिलं डॉलरमध्ये होती. आता दुबईचे शेठ म्हणतात, दिरहममध्ये करा. धाकटे दीर म्हणतात, डॉलरचे दिवस भरले, अमेरिकेशी आपला काडीचा संबंध नाही, तर तिचं चलन मध्ये कशाला? १ एप्रिलपासून सगळं रुपयात करू, दराची कटकटच संपेल. सीएंचं मत, चाललंय ते चालू द्या. शिवाय ताईंची वेगळीच तक्रार आहे: बिलाइतके पैसे कधीच जमा होत नाहीत, आणि का ते बँकेत कोणी नीट सांगत नाही. त्या विचारतात, "कोणाचं ऐकू?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बिल कोणत्या चलनात करायचं हा एक, आणि पैसे कमी का येतात हा दुसरा. घरात वाद पहिल्यावरून चाललाय, पैसे मात्र दुसऱ्यात जाताहेत.

दिरहमचं आधी उरकून टाकू. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, असा दर युएईने पक्का बांधून ठेवला आहे. रुपया डॉलरपुढे जेवढा घसरतो तेवढाच दिरहमपुढेही घसरतो. म्हणजे दिरहममध्ये बिल केलं तरी तुमच्या डोक्यावरची जोखीम डॉलरचीच राहते. शेठना ते हवंय कारण त्यांची विक्री दिरहममध्ये होते आणि डॉलर घेण्याचा त्यांचा खर्च वाचतो. त्यांचा वाचेल, पण तुमचा वाढू शकतो. मुंबईच्या बाजारात डॉलर-रुपयाची उलाढाल प्रचंड आहे आणि दिरहमची त्यामानाने किरकोळ, म्हणून बँका दिरहमवर मार्जिन जास्त ठेवतात.

हे तपासायला एक गुणाकार पुरतो. बँकेने सांगितलेल्या दिरहमच्या दराला ३.६७२५ ने गुणा आणि येणारा आकडा त्याच वेळच्या डॉलरच्या दराशी ताडून पाहा. हिशोबाच्या सोयीसाठी बाजारात डॉलर ९० रुपये धरू. तुमची बँक डॉलरला ८९.६० देते आणि दिरहमला २४.३२. गुणाकार केला की दिरहमचा दर डॉलरमागे ८९.३२ पडतो, म्हणजे २८ पैसे कमी. ३०,००० डॉलरच्या बिलाचे १,१०,१७५ दिरहम होतात. डॉलरमधून हातात २६,८८,००० रुपये येतात, दिरहममधून २६,७९,४५६. फरक साडेआठ हजारांचा. तेव्हा शेठना नाही म्हणू नका, बिलात साडेतीनशे दिरहम वाढवून मागा. त्यांच्या बँकेचा खर्च वाचतोय, त्यातून ते निघतात. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक आणि युएईच्या मध्यवर्ती बँकेने रुपया-दिरहममध्ये थेट व्यवहारांचा करार केला आहे, त्यामुळे एखादी बँक दिरहमला बरा दर देऊ शकते. दोन बँकांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आता पैसे कमी येण्याचं. पुढच्या वेळी रक्कम कमी आली की ग्राहकाकडून स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवताना बँका एकमेकींना देतात त्या संदेशाची, कॉपी मागवा. पाठवल्याचा स्क्रीनशॉट चालणार नाही, पूर्ण संदेश हवा. जुन्या एमटी १०३ पद्धतीच्या कॉपीत तीन रकाने बघायचे. ३३बी मध्ये ग्राहकाने किती पाठवायला सांगितले ते असतं. ३२ए मध्ये प्रत्यक्ष किती पुढे सरकले. ७१ए मध्ये खर्च कोणाचा: 'अवर' म्हणजे पाठवणाऱ्याचा, 'बेन' म्हणजे तुमचा, 'शा' म्हणजे विभागून. नव्या पद्धतीच्या संदेशात याच जागी डीईबीटी, सीआरईडी आणि एसएचएआर अशी अक्षरं दिसतील. बहुतेक ग्राहक काही न सांगता 'शा' पाठवतात. मग वाटेतली प्रत्येक बँक आपापले दहा-वीस डॉलर कापून घेते आणि ३०,००० चे २९,९६० होतात. कोटेशनमध्येच एक ओळ घाला की बँकखर्च 'अवर' पद्धतीने, बिलाची पूर्ण रक्कम जमा झाली पाहिजे.

ही कपात छोटी दिसते, पण तिची शेपटी लांब आहे. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात कागदावर, ३०,००० आणि जमा २९,९६० असेल, तर निर्यातीचे पैसे आले की नाही ते नोंदणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत ते बिल अपुरं म्हणून लटकत राहतं. बँकखर्चाची कपात दाखवून ते बंद करून घेता येतं, मात्र त्यासाठी बँकेला अर्ज तुम्हीच द्यायचा असतो. अशी डझनभर बिलं साचली की ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचा दाखला, अडतं, त्यामागे निर्यातीचे लाभ अडतात, आणि मग सीए तुम्हाला फोन करतात.

मोठी गळती मात्र वेगळीकडे आहे. ९० च्या बाजारात बँकेने ८९.६० दिले तर डॉलरमागे ४० पैसे बँकेचे, म्हणजे एका बिलावर १२,००० रुपये. हे कुठल्याच पावतीवर वेगळं लिहिलेलं नसतं. छोट्या निर्यातदाराला बँक बहुधा 'कार्ड रेट' लावते, म्हणजे सकाळी छापून ठेवलेला दर, ज्यात दिवसभराच्या चढउताराची तरतूद आधीच धरलेली असते. वर्षाला दोन लाख डॉलरची उलाढाल असेल तर तुम्ही शाखेशी बोलून आंतरबँक दरावर (बँका आपसांत देतात-घेतात त्यावर) ठरावीक पैसे असं लेखी मार्जिन ठरवून घेऊ शकता. ४० चे १० पैसे झाले तर एका कंटेनरवर ९,००० सुटतात. मॅनेजर टोलवाटोलवी करू लागले तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेलचं नाव काढा. बँकांमधले चलनव्यवहार पुरे करणाऱ्या या संस्थेने २०१९ मध्ये हा मंच सुरू केला. तिथे बँकेमार्फत नोंदणी करून डॉलर थेट बाजारभावाने विकता येतो, आणि बँकेला आपली फी आधीच सांगावी लागते. नुसतं नाव काढल्यावरही दर सुधारल्याचं दिसतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. बँकेला लेखी सूचना देऊन ठेवा की आम्हाला विचारल्याशिवाय रक्कम रुपयात बदलू नये. आंतरबँक बाजार सकाळी ९ ते दुपारी साडेतीन चालतो, त्यानंतर लावलेल्या दरात बँक आपली सोय बघते. दुसरी गोष्ट, टीव्हीवर दिसणारा दर 'स्पॉट'चा असतो, म्हणजे दोन दिवसांनी पैसे द्यायचा. तुम्हाला त्याच दिवशी रुपये हवे असले की मधल्या दिवसांचा फरक वजा होऊन 'कॅश' दर मिळतो. पगाराचा दिवस नसेल तर दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?

हे सगळं बिल कोणत्याही परकीय चलनात असलं तरी होणारच. म्हणून तुमचे दीर म्हणतील, रुपयात केलं की हे झेंगटच नको. इथे जरा थांबू.

बिल रुपयात केलं की दराची जोखीम नाहीशी होत नाही, ती दुबईच्या शेठच्या गळ्यात जाते. ते व्यापारी आहेत. एकतर भाव पाडून मागतील, किंवा रुपया घसरेल तेव्हाच ऑर्डर देतील. शिवाय त्यांच्या टेबलावर म्यानमार-व्हिएतनामच्या हळदीची कोटेशनं डॉलरमध्ये पडलेली असतात. त्यात तुमचं एकटं रुपयात असेल तर तुलना करताना ते बाजूला पडतं.

एक गोष्ट घरी कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा सहसा जास्त असतात, त्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो. या फरकाला बाजारात प्रीमियम म्हणतात आणि निर्यातदाराच्या बाबतीत तो मिळकतीच्या बाजूला असतो. समजा तीन महिन्यांचा प्रीमियम ५० पैसे आहे. तुम्ही डॉलरमध्ये बिल करून ते डॉलर आजच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर आज ठरलेल्या दराने, विकले, तर ९० ऐवजी ९०.५० पक्के झाले, म्हणजे एका बिलावर १५,००० रुपये. आता तुम्ही रुपयात बिल करणार, ९० दिवसांची उधारी देणार, आणि भाव काढताना आजचा ९० चा दर धरणार. म्हणजे ते १५,००० तुम्ही शेठना फुकट देऊन टाकले. रुपयात कोटेशन द्यायचंच असेल तर भाव फॉरवर्डच्या दराने काढा, आजच्या नव्हे. रुपयात बिल करणाऱ्यांपैकी फार थोडे जण हे करतात.

तुमचा सगळा खर्च तरी कुठे रुपयात आहे? हळद-मिरची रुपयात, मजुरी रुपयात. पण न्हावा-शेवा ते दुबईच्या जेबेल अली बंदराचं भाडं डॉलरमध्ये ठरतं. शिपिंग लाइनचा इथला एजंट ते रुपयात घेतो तेव्हा स्वतःचा दर लावतो, आणि तो बँकेपेक्षा चढा असतो. डॉलरची मिळकत असेल तर ती ईईएफसी या निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यात ठेवून हे भाडं डॉलरमध्येच देता येतं का, ते एजंटला विचारा. (त्या खात्यावर व्याज नसतं, आणि एका महिन्यात जमा झालेली, न वापरलेली रक्कम पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयात बदलावी लागते. डॉलर वाढेल म्हणून साठवून ठेवायची ती जागा नाही.) तीच गोष्ट कर्जाची. माल घ्यायला तुम्ही बँकेकडून डॉलरमध्ये पॅकिंग क्रेडिट, म्हणजे पीसीएफसी, घेत असाल तर ते डॉलरच्या बिलातूनच फिटतं आणि कर्ज उचललं त्या दिवशीच तुमचा दर पक्का होतो. पीसीएफसी चालू ठेवून बिलं रुपयात केलीत, तर कर्ज डॉलरचं आणि येणं रुपयाचं. आज नसलेली जोखीम तुम्ही १ एप्रिलला विकत घ्याल. आधी सध्याची मंजुरीपत्रं काढून बघा.

आणि ज्या चढउताराची धास्ती घेऊन हे चाललंय, तो मुळात कुठे आहे? २०२३ मध्ये डॉलर वर्षभर ८२-८३ रुपयांच्या आसपास रेंगाळत होता. त्याच वर्षी उन्हाळ्यापासून ऑगस्टपर्यंत हळद दुपटीच्या वर गेली. त्या हंगामात ज्यांनी तीन महिन्यांचे भाव बांधून दिले आणि माल उचलला नव्हता, त्यांना मार बसला तो हळदीचा. कोटेशनची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि ऑर्डर पक्की झाली की त्याच आठवड्यात सांगलीचा सौदा करा. चलनाच्या वादात घालवलेला वेळ इथे जास्त कामी येईल.

आता दिरांचा खरा प्रश्न. अमेरिकेशी संबंध नसताना डॉलर का? प्रश्न रास्त आहे. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ यांनी दशकापूर्वी आकडे मांडले होते, की भारताच्या आयातीपैकी फक्त ५ टक्के अमेरिकेतून येते, पण ८६ टक्क्यांची बिलं डॉलरमध्ये असतात. याचं कारण तुमच्या मोंबासाच्या ग्राहकातच सापडेल. त्याच्याकडे शिलिंग आहेत, तुम्हाला रुपये हवेत. शिलिंग देऊन रुपये घेणारे आणि रुपये देऊन शिलिंग घेणारे रोज इतक्या संख्येने भेटतच नाहीत, की त्यांचा बाजार भरावा. शिलिंग-डॉलरचा बाजार आहे, डॉलर-रुपयाचा आहे, म्हणून दर या दोघांवरून काढला जातो. जगातल्या चलनव्यवहारांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांत एका बाजूला डॉलर असतो, त्यात असले मधले टप्पेही येतात. तुम्ही बिलावर रुपये लिहिलेत तरी ग्राहकाची बँक बहुधा शिलिंगचे डॉलर आणि डॉलरचे रुपये करणार. डॉलर तुमच्या कागदावरून गेला, व्यवहारातून नाही, आणि त्या दुहेरी बदलाचं मार्जिन शेवटी भावातच बसणार.

दुसरं कारण शिलकीचं. व्यापारात मिळालेलं चलन लगेच खर्च होत नाही, कुठेतरी ठेवावं लागतं. डॉलर असले की अमेरिकी सरकारचे रोखे हवे तेव्हा घेता-विकता येतात, पाहिजे तेवढ्या रकमेचे. व्यापारी डॉलर मागतात म्हणून देशांच्या मध्यवर्ती बँका गंगाजळीत डॉलर ठेवतात, आणि गंगाजळीत डॉलर आहेत म्हणून व्यापारी निर्धास्तपणे डॉलर मागतात. रुपयाचं इथेच अडतं. २०२२ नंतर रशियाचं तेल आपण भरपूर घेतलं, रशियाने आपल्याकडून त्यामानाने थोडंच घेतलं. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह उघड म्हणाले, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे.

एके काळी हे उलटं होतं, हे दिरांना सांगा, त्यांना आवडेल. १९६० च्या दशकात दुबई, कतारच्या बाजारात रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, ४.७६ रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला, आणि रुपये बाळगून असलेल्या आखाती व्यापाऱ्याच्या गाठीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऐवज गेला. त्यानंतर एकेका अमिरातीने रुपया सोडला. आजचे दुबईचे शेठ ९० दिवसांनी द्यायचा रुपया आनंदाने कबूल करतील, कारण तो घसरला तर फायदा त्यांचाच. रुपया जवळ साठवायला सांगून बघा.

एका बाबतीत मात्र दीर बरोबर आहेत. डॉलरचा व्यवहार अखेर न्यूयॉर्कच्या बँकांतून सरकतो आणि तिथे अमेरिकेचा कायदा लागतो. अमेरिकेचे निर्बंध असलेल्या सुदान, इराण, क्यूबासाठी डॉलर फिरवले म्हणून २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेला सुमारे ८९० कोटी डॉलरचा दंड झाला. २०२२ मध्ये रशियाची जवळपास ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, त्यात युरोही होते. तेव्हापासून अनेक देश सोनं आणि इतर चलनं वाढवताहेत. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९ मध्ये ७१ टक्क्यांच्या आसपास होता, आता ६० च्या खाली आहे. उतार खरा आहे, पण तो पंचवीस वर्षांचा आहे, आणि डॉलरची जागा घेणारं एकच चलन त्यात कुठे दिसत नाही. ब्रिक्सचं चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते अस्तित्वातच नाही. या उताराच्या भरवशावर मसाल्याच्या पेढीने एका एप्रिलमध्ये सगळी बिलं बदलू नयेत.

रुपयातलं बिल कुठे बसतं, तेही सांगतो. ज्याच्याकडे रुपये आधीच आहेत त्याच्याशी. दुबईच्या शेठना एक साधा प्रश्न विचारा: ते भारतात काही विकतात का? मस्जिद बंदरलाच खजूर पाठवणारे दुबईचे कितीतरी व्यापारी आहेत. खजुराचे पैसे त्यांनी रुपयात घेतले आणि त्यातून तुमची हळद घेतली, तर दोन्हीकडचा चलनबदल वाचतो आणि रुपयात बिल करण्यात दोघांचाही फायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियन ऑइलने अबूधाबीच्या अॅडनॉक या तेलकंपनीला तेलाचे पैसे रुपयात दिले. असे रुपये तिकडे जमू लागले की तुमच्यासारख्यांना दार उघडतं.

त्याची व्यवस्था अशी: ११ जुलै २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने परदेशी बँकेला भारतीय बँकेत खास रुपया व्होस्ट्रो खातं उघडता येतं. ग्राहकाची बँक त्या खात्यातून तुमच्या बँकेला रुपये देते. ते पैसे निर्यातीचेच धरले जातात आणि त्याच वर्षी परदेशी व्यापार महासंचालनालयाने अशा रुपयांवरही निर्यातीचे लाभ मिळतील असं स्पष्ट केलं. ग्राहकाला विचारायचं: तुमच्या बँकेचं असं खातं कोणत्या भारतीय बँकेत आहे, आणि त्यात रुपये शिल्लक आहेत का? दुसरा भाग महत्त्वाचा, कारण खाती बरीच उघडली गेलीत, त्यातली पुष्कळशी रिकामी आहेत. रुपये दुसऱ्याच मार्गाने, एखाद्या ओळखीच्या इथल्या खात्यातून आले, तर ते निर्यातीचे पैसे म्हणून धरले जाणार नाहीत. शिवाय चलनबदल नसला की काही बँका 'कमिशन इन लू ऑफ एक्स्चेंज' नावाचा आकार लावतात. आधीच विचारून ठेवा.

मोंबासासाठी रुपयाचा विचार सोडा. केनियाला आपण विकतो जास्त आणि घेतो कमी, त्यामुळे तिकडच्या बँकेकडे रुपये येणार कुठून? तिथली खरी अडचण वेगळी असते. २०२३ मध्ये केनियात डॉलरचीच टंचाई होती. ग्राहक चांगला, शिलिंग हातात, पण बँकेकडे डॉलर नाहीत, म्हणून पैसे आठवडेच्या आठवडे अडकत. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर १६० शिलिंगच्या वर होता, काही महिन्यांत १३० वर आला. एवढ्या झोक्यात ग्राहक तग धरतो की नाही हा तुमचा प्रश्न. तिथे डॉलरचंच बिल ठेवा, ३० टक्के आगाऊ घ्या, उरलेल्यासाठी एलसी (ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी) किंवा ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीची पॉलिसी. ईसीजीसी ग्राहक बुडाला किंवा त्या देशातून पैसे बाहेर पडणं अडलं तर भरपाई देते. दरातला तोटा साध्या पॉलिसीत येत नाही.

दुबईच्या बिलांना फॉरवर्ड वापरा, पण सगळ्या रकमेला नको. ३०,००० चं बिल असेल तर २०,००० बुक करा, १०,००० मोकळे ठेवा. कारण असं: ९०.५० ला विकून ठेवलेले डॉलर ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. शेठचे पैसे आले नाहीत आणि बाजार ९२ वर गेला, तर करार मोडताना २०,००० वर दीड रुपयाने ३०,००० रुपये तुमच्या खिशातून जातात. ज्या ग्राहकाचे पैसे नेहमी दहा दिवस उशिरा येतात, त्याची तारीख बुक करतानाच दहा दिवस पुढची धरा. वेळेवर आले तर बँक ते मधले दिवस किरकोळ फरकाने जुळवून देते.

मॉस्कोची विचारणा दिरांकडे सोपवा. रुपयात काम होण्याची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच आहे, कारण रुपये त्यांच्याकडे आहेत. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने आदेश काढून रशियाशी ठरावीक व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशांतल्या बँकांनाही निर्बंधांच्या टप्प्यात आणलं. हळद-मिरचीवर बंदी नसली तरी व्यवहार रुपयात आहे एवढ्यावर तुमची बँक निर्धास्त होत नाही. ग्राहक कंपनी, तिचे मालक, त्यांची बँक, जहाज आणि उतरवायचं बंदर, ही पाच नावं ती तपासते, आणि एकही नाव निर्बंधांच्या यादीत सापडलं तर आलेले पैसे अडवून ठेवते. म्हणून ही पाचही नावं कागदावर लिहून बँकेच्या परकीय चलन विभागाला ईमेल करा, आणि व्यवहार रुपया व्होस्ट्रो खात्यातून होईल हेही त्यात लिहा. पहिलं बिल छोटं ठेवा, शंभर टक्के आगाऊ रकमेचं, आणि आलेल्या रकमेवर पी०१०३ हा पर्पज कोड, म्हणजे पैसे निर्यातीच्या आगाऊ रकमेचे आहेत हे सांगणारा क्रमांक, पडला आहे का ते बघून घ्या. बँकेचा होकार ईमेलवर लेखी आल्याशिवाय हळद दळायला घेऊ नका.